जनावरांच्या डॉक्टरच्या गाडीला दिवा मिळतो का

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी संध्याकाळी सव्वासहाला फोन आला. उमरेड रोडवर पाचगावच्या पुढे आत एक गाव आहे तिथले काकाजी, दहा-बारा वर्षांची ओळख, नुसत्या आवाजावरूनच कळलं की काहीतरी गडबड आहे. "मॅडम, बैल फुगला जी. डाव्या बाजूनं पार टम्म झाला, तोंड उघडून श्वास घेऊन राहिला, लवकर या."

आदल्या दिवशी पोळा झालेला. जोडी सजवून गावभर फिरवली, घरोघरी ओवाळलं, आणि प्रत्येक घरच्या बाईनं प्रेमानं पुरणपोळी भरवली, वरून कुणी ज्वारी, कुणी कणकेचे गोळे. विदर्भातल्या कुठल्याही जनावरांच्या डॉक्टरला विचारा, पोळ्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी या केसेस येतातच. वर्षभर कडबा-कुटार खाणाऱ्या जनावराच्या पोटात एकदम धान्य आणि गूळ गेला की कोठीपोटातलं आम्ल वाढतं, पोटाची हालचाल थांबते, वायू बाहेर पडत नाही, पोट फुगत फुगत छातीवर दाब येतो आणि जनावर गुदमरतं. डाव्या भकाळीत, म्हणजे बरगड्यांमागच्या खळग्यात, ट्रोकार ही टोकदार सळई घालून तिच्यावरच्या नळीतून (कॅन्युला) वायू सोडला की जनावर आपल्या डोळ्यांसमोर श्वास घ्यायला लागतं, पाच मिनिटांचं काम आहे, पुढचा इलाज मग सावकाश करता येतो. पण ती पाच मिनिटं जनावर जिवंत असताना मिळाली पाहिजेत.

मी मानेवाड्याकडे राहते. सहा पंचवीसला निघाले असेन. म्हाळगीनगरपासूनच रस्ता भरलेला, वस्त्यावस्त्यांमध्ये तान्हा पोळा, पोट्टे आपापले लाकडी नंदी सजवून ओढत नेऊन राहिलेले, मंडप, स्पीकर, बोजारा म्हणजे तान्ह्या पोळ्याची ओवाळणी मागत फिरणारी टोळकी, दोन्ही बाजूंना आयांच्या स्कुट्या लावलेल्या. दिघोरी चौकाच्या अलीकडे गाडी अशी अडकली की चाळीस मिनिटं मी पाचशे मीटर पण सरकले नाही. काच खाली करून ओरडत होते की डॉक्टर आहे, जाऊ द्या, तिकडे जनावर मरून राहिलंय. एक भाऊ गाडीजवळ आले, आत डोकावून पाहिलं आणि म्हणाले, "पेशंट कुठं आहे?" त्यांची काही चूक नव्हती, माझ्या गाडीकडे पाहून कुणालाच काही कळण्यासारखं नव्हतं, पांढरी साधी कार, मागे सीटवर औषधांचे डबे.

पोहोचले तोवर बैल गेला होता. दहा मिनिटं झाली होती म्हणे. शिंगांना लावलेला रंग तसाच होता, झूल भिंतीवर टाकलेली, आणि जोडीतला दुसरा बैल दावणीला उभा राहून सारखा तिकडे मान वळवत होता. काकाजी काहीच बोलले नाहीत. काकूंनी मात्र माझा हात धरला आणि एवढंच म्हणाल्या, "दहाच मिनिटं जी मॅडम." मला त्या रात्री झोप आली नाही आणि सकाळी मी ठरवलं की काही झालं तरी आपल्या गाडीवर इमर्जन्सीचा दिवा लावायचा, रीतसर परवानगी काढून.

इथून पुढे जे झालं ते सगळं सांगते कारण मला जेव्हा माहिती हवी होती तेव्हा कुणीच नीट सांगू शकलं नाही, आमच्यातल्या सिनिअर लोकांनी पण नाही.

पहिले मी गाडीच्या ॲक्सेसरीजच्या एका दुकानात गेले. तिथे लाल-निळी लाईट बार ठेवलेलीच होती, ग्रिलमध्ये लावायच्या छोट्या स्ट्रोब पण होत्या, पांढऱ्या, लाल, निळ्या, लायटरच्या सॉकेटला वायर जोडली की चालू. दुकानदार म्हणाला, तुम्ही तर डॉक्टर आहात मॅडम, तुम्हाला कोण अडवणार, बिनधास्त लावा. मी पैसे काढले पण होते. मग माझी एक बॅचमेट आहे, आम्ही सेमिनरी हिल्सच्या व्हेटर्नरी कॉलेजला सोबत होतो, ती सरकारी नोकरीत आहे, तिला सहज फोन केला तर ती म्हणाली, थांब, असं काही लावू नको, आधी आरटीओत विचार. तिचं ऐकलं ते फार बरं झालं.

आरटीओत मी तीन-चार चकरा मारल्या. तिथल्या एका साहेबांनी अर्धा तास मला समोर बसवून नियम उघडून दाखवला, त्यांचे उपकार आहेत. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९, त्यातला नियम १०८ हा गाड्यांवरच्या रंगीत दिव्यांचा. पूर्वी मंत्री, मोठे अधिकारी यांच्या गाड्यांवर लाल दिवा असायचा, तो १ मे २०१७ पासून बंद झाला हे आपल्याला सगळ्यांना आठवतं, बरोबर महाराष्ट्र दिनाच्या दिवशी. पण त्याच वेळी नियमात काय राहिलं हे मला माहीत नव्हतं. लाल, निळा आणि पांढरा असा बहुरंगी दिवा फक्त तीन प्रकारच्या कामांच्या गाड्यांना लावता येतो: आग विझवणं, पोलीस-सैन्य-निमलष्करी दलांचं कायदा सुव्यवस्थेचं काम, आणि आपत्ती व्यवस्थापन म्हणजे भूकंप, पूर, दरड, वादळ वगैरे आणि माणसामुळे होणाऱ्या अणू, रासायनिक, जैविक आपत्ती. ते पण ड्युटीवर असतानाच लावायचा, एरवी नाही. परिवहन खात्यानं दरवर्षी जाहीर नोटीस काढायची की कोणकोणत्या प्राधिकाऱ्यांना परवानगी दिली, आणि गाडीच्या काचेवर खात्यानं दिलेलं स्टिकर पाहिजे. ॲम्ब्युलन्सचं आणखी वेगळं आहे, तिला जांभळ्या काचेचा ब्लिंकर, पण ॲम्ब्युलन्स म्हणजे जी पेशंटला घेऊन जाते ती, आणि मी तर पेशंटकडे जाणारी. सायरनचं विचारलं तर त्यासाठी नियम ११९, वेगवेगळ्या सुरांचा हॉर्न कुणालाच नाही, सायरनची सूट ॲम्ब्युलन्स, फायर ब्रिगेड, पोलीस अशांनाच.

मी साहेबांना विचारलं, मग या यादीत जनावरांचा डॉक्टर कुठे बसतो? ते म्हणाले, बसत नाही मॅडम. मी विचारलं की २०२२ मध्ये लम्पी हा गुरांचा साथीचा त्वचारोग आला तेव्हा आम्ही रात्रंदिवस गोठे फिरत होतो, ती जैविक आपत्ती नव्हती का? ते थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले की शासनानं एखाद्या साथीत एखाद्या यंत्रणेला तशी ड्युटी नेमून दिली तर तिच्या गाडीचा विचार होऊ शकतो, पण प्रायव्हेट डॉक्टर आपल्या खासगी कारवर कायमचा दिवा मागेल तर आजच्या नियमात मी तुम्हाला हो म्हणू शकत नाही. मग त्यांनी मला आणखी एक गोष्ट दाखवली जी माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाची ठरली. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनं कलम १९४ ई आलं. फायर ब्रिगेडची गाडी, ॲम्ब्युलन्स किंवा "राज्य सरकार ठरवेल अशी इतर आपत्कालीन गाडी" आली आणि तुम्ही बाजूला झाला नाहीत तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही. त्यातला "राज्य सरकार ठरवेल अशी इतर" हा भाग त्यांनी पेन्सिलीनं खूण करून दाखवला. म्हणजे दार पूर्ण बंद नाही, ते दार मुंबईत मंत्रालयात उघडतं, नागपूरच्या काउंटरवर नाही.

त्याच आठवड्यात माझ्या एका मैत्रिणीशी बोलले, ती इंग्लंडमध्ये जनावरांच्याच दवाखान्यात काम करते. मला वाटलं तिकडे तर नक्की असेल. ती म्हणाली, इथे रजिस्टर्ड डॉक्टरांना इमर्जन्सीला जाताना हिरवा फिरता दिवा लावता येतो, पण तो माणसांच्या डॉक्टरांना, आपल्याला नाही. ऐकून मला वाईट वाटलं खरं, पण एक समजलं की ही अडचण फक्त आपल्या इथली नाही. जनावराचा जीव रस्त्याच्या नियमात घड्याळाशी जोडलेलाच नाही, ना इथे ना तिथे.

आणि घड्याळाशी तो जोडलेला आहे हे मला कुणी पटवून द्यायची गरज नाही. कोवळी ज्वारी खाल्लेली गाय, पावसानं ताण दिल्यावरचे ते हिरवेगार फुटवे, त्यात सायनाइडचं विष तयार होतं, अशा केसमध्ये कधीकधी फोन ठेवता ठेवता जनावर आडवं पडतं. वासरू अडलेली गाय, पाणमोट फुटून दोन तास झाले आणि पाय दिसून राहिले पण डोकं येत नाही, तिथे प्रत्येक अर्ध्या तासाला वासरू हातचं जात असतं. व्यायल्यावर मायांग (गर्भाशय) बाहेर आलेली म्हैस, दुग्धज्वरानं मान पोटाकडे वळवून बसलेली जर्सी, साप चावलेला कुत्रा. शेतकऱ्यासाठी तो जीव पण आहे आणि घरचं उत्पन्न पण, आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मेलेला बैल म्हणजे त्या घरात काय असतं ते मी पाहून आले होते.

तर मी अर्ज लिहायला घेतला. साहेबांनी एक चांगला सल्ला दिला होता की नुसतं "आम्हाला दिवा द्या" लिहू नका, तुमचा वेळ कुठे जातो ते आकड्यात दाखवा. म्हणून मी एक डायरी केली. फोन किती वाजता आला, जनावराला त्रास किती वाजता सुरू झाला, मी घरातून कधी निघाले, शहराच्या बाहेर कधी पडले, गावाच्या फाट्यावर कधी, गोठ्यात कधी, आणि पहिली सुई कधी टोचली. तीन महिने प्रत्येक अर्जंट कॉलचं लिहिलं, रात्री दोनच्या कॉलचं पण, हात धुऊन पहिले डायरी.

तीन महिन्यांनी पानं उलटली आणि मला विश्वास बसेना. शहरातल्या ट्रॅफिकमध्ये वेळ जात होता, नाही असं नाही, पण तो सगळ्यात मोठा नव्हता. सगळ्यात मोठा वेळ जात होता फोन येण्याच्याच आधी. गाय सकाळपासून कळा देऊन राहिली, आधी शेजारच्याला बोलावलं, मग गावातल्या जाणकाराला, त्यानं दोर बांधून ओढलं, मग संध्याकाळी मला फोन. त्याच्या खालोखाल वेळ जात होता फाटा ते गोठा. मेन रोडवरून आत वळले की कोणता रस्ता, कोणतं शेत, कोणता गोठा, मोबाईलला रेंज नाही, अंधार, कुत्री भुंकून राहिली, मी गाडी वळवून परत फाट्यावर, यात पंधरा-वीस मिनिटं आरामात जायची. आणि तिसरा माझा स्वतःचा वेळ, की फोन आल्यावर मी सामान गोळा करत होते. प्रसूतीचे दोर इथे, ट्रोकार तिथे, कॅल्शियमच्या बाटल्या फ्रिजजवळ. तो वेळ तर पूर्ण माझ्या हातातला होता आणि मी तो आजवर मोजलाच नव्हता.

काकाजींच्या बैलाचं पान मी आठवून मागाहून लिहिलं. बैल दुपारी तीनपासून सुस्त होता, रवंथ बंद केलेला, चारपासून फुगत होता. फोन सव्वासहाला. दिघोरीला चाळीस मिनिटं गेली हे खरंच आहे, पण त्याआधीचे दोन तास पण खरे आहेत. आणि आणखी एक गोष्ट मी स्वतःला विचारली, की त्या संध्याकाळी माझ्याकडे लाल-निळा दिवा असता तर मी काय केलं असतं, त्या पोरांच्या गर्दीतून, चार-पाच वर्षांची लेकरं हातात नंदीची दोरी धरून रस्त्यावर उभी होती, त्यांच्यातून गाडी घातली असती? नसती घातली. दिव्यामुळे मोठ्या माणसांनी थोडी वाट केली असती, कदाचित पंधरा मिनिटं वाचली असती. पंधरा मिनिटांत बैल वाचला असता. म्हणून मी मागणी सोडली नाही, पण ती एकच मागणी पण ठेवली नाही.

डायरीमुळे जे बदललं ते असं. आता माझ्याकडे तीन डबे कायम भरून गाडीत असतात, एक प्रसूतीचा, एक पोटफुगी आणि विषबाधेचा, एक सलाईन-कॅल्शियमचा, वापरला की त्याच रात्री परत भरायचा, झाकणावर रंगाची पट्टी म्हणजे अंधारात पण हात बरोबर जातो. फोन आला की पहिला प्रश्न किती वाजतापासून, दुसरं वाक्य की व्हॉट्सॲपवर लोकेशन टाका, आणि तिसरं की फाट्यावर एक माणूस टॉर्च घेऊन उभा करा, मी येईपर्यंत त्यानं तिथून हलायचं नाही. गाडीत बसल्या बसल्या स्पीकरवर सांगत जाते. पोटफुगी असेल तर जनावराचे पुढचे पाय उंचावर येतील असं उभं करा, कडुनिंबाची जाडसर काडी तोंडात आडवी बांधा म्हणजे ते चघळत राहील, लाळ सुटेल आणि ढेकर यायला मदत होईल, बसू देऊ नका, हळूहळू चालवा, आणि जनावर आडवं पडलेलं असेल तर तोंडातून काहीही पाजू नका, ते फुप्फुसात जातं. अडलेल्या गाईला ओढू नका, मी येईपर्यंत हात घालू नका. यातलं बरंच गावातले लोक मनापासून करतात, फक्त त्यांना कुणीतरी त्या क्षणी शांतपणे सांगायला पाहिजे.

दिव्यांबद्दल मी बरंच वाचलं आणि अनुभवलं पण, आणि हे मला सगळ्या तरुण डॉक्टरांना सांगावंसं वाटतं. एकदा रात्री साडेअकराला आउटर रिंग रोडवर एका गाईला गाडीनं उडवलं म्हणून मुलांनी बोलावलं. गाय डिव्हायडरजवळ बसलेली, मागचा पाय लोंबकळत होता. मी गाडी आडवी लावली, हेडलाइट तिच्यावर टाकले आणि हॅझर्ड, म्हणजे चारही इंडिकेटर एकदम, चालू केले, मला वाटलं छान उजेड मिळाला. गाय त्या उघडझापीनं इतकी बिथरली की तीन पायांवर उठून ट्रकच्या लेनमध्ये गेली. एका ट्रकवाल्या दादानं ब्रेक मारला म्हणून ती आणि तिच्या मागे धावलेली मी, दोघी वाचलो.

गाईचे डोळे डोक्याच्या बाजूला असतात, तिला मान न वळवता जवळजवळ सगळीकडचं दिसतं, फक्त अगदी मागचं नाही. बुबुळाच्या मागे चमकणारा पडदा असतो, रात्री हेडलाइटमध्ये हिरवट डोळे दिसतात ना ते त्याच्यामुळे, म्हणजे थोड्या उजेडात तिला आपल्यापेक्षा चांगलं दिसतं पण एकदम प्रखर उजेड पडला की ती दिपून जाते आणि सावरायला वेळ लागतो. लाल रंग तिला आपल्यासारखा दिसत नाही पण लुकलुकणं बरोबर दिसतं, आणि हलणारी सावली म्हणजे तिच्यासाठी धोका. त्यामुळे जो दिवा रस्त्यावरच्या ट्रकला आपल्यापासून दूर ठेवतो तोच दिवा जनावराला ट्रकसमोर ढकलू शकतो. आता मी गाडी जनावर आणि येणारं ट्रॅफिक यांच्या मध्ये लावते, हॅझर्ड चालू पण गाडीचा आडोसा असा की उघडझाप जनावराच्या तोंडावर पडणार नाही. मागे पन्नासेक पावलांवर रिफ्लेक्टरचा त्रिकोण, आणि त्याच्याजवळ जमिनीवर ठेवायचा बॅटरीचा पिवळा ब्लिंकर, रस्त्याच्या कामावर ठेवतात तसला, तो गाडीवर लावलेलाच नसल्यामुळे दिव्याच्या नियमाचा प्रश्न येत नाही. अंगात चमकणाऱ्या पट्ट्यांचं जॅकेट. आणि जनावराजवळ फक्त डोक्यावरचा हेडलॅम्प, मंद आणि पिवळसर, पहिले जमिनीवर, मग हळूहळू जखमेवर, डोळ्यात कधीच नाही. तिच्या कानाजवळ एक माणूस बोलत बसवायचा. सायरन मला मिळाला असता तरी मी गोठ्याच्या जवळपास वाजवला नसता हे मला आता पक्कं कळलंय.

गोठ्यात पण हेच. पूर्वी मी गाडीचे अपर लाइट गोठ्याच्या दारात मारायची. अडलेली गाय घाबरली की कळा मंदावतात आणि माझं काम अवघड होतं. आता गाडी बाजूला वळवून लाइट बंद, एक चार्जिंगचा दिवा छताच्या बल्लीला उंच बांधायचा म्हणजे सावल्या कमी पडतात.

गाडीला ओळख असावी म्हणून मागच्या काचेवर मोठ्या अक्षरात "पशुवैद्यक, तातडीची सेवा" असं स्टिकर लावून घेतलं. स्टिकरवाला त्याच्यावर लाल क्रॉस टाकत होता, त्याला थांबवलं, कारण ते चिन्ह रेडक्रॉसचं आहे आणि जिनिव्हा कन्व्हेन्शन कायदा १९६० प्रमाणे सरकारच्या परवानगीशिवाय ते वापरता येत नाही, हे डॉक्टर लोकांना पण बऱ्याचदा माहीत नसतं. स्टिकरनं रस्ता मिळायचा हक्क येत नाही, पण आता कुणी "पेशंट कुठं आहे" असं विचारत नाही. मानेवाडा चौकात एकदा ट्रॅफिक पोलीसदादांनी वाचलं, विचारलं "काय झालं?", मी म्हटलं म्हैस अडली आहे, त्यांनी स्वतः पुढे होऊन गाडी काढून दिली. नागपुरात अवयव न्यायचे असतात तेव्हा ग्रीन कॉरिडॉर करतात, सगळे चौक मोकळे ठेवतात, ते पाहिलं की मला वाटतं, या शहराला वाट कशी द्यायची हे येतं, फक्त कोणासाठी द्यायची ते आधी कळलं पाहिजे.

अर्जाचं म्हणाल तर पहिला अर्ज गेला आणि उत्तर आलं की तो योग्य त्या कार्यवाहीसाठी वरिष्ठांकडे पाठवला आहे. दुसरा अर्ज मी डायरीच्या झेरॉक्स जोडून मंत्रालयात परिवहन विभागाच्या नावानं दिला. त्यात मी खासगी कारवर लाल-निळा दिवा मागितला नाही. मागितलं ते असं की कलम १९४ ई मधली राज्य सरकारची जी ताकद आहे ती वापरून जनावरांच्या तातडीच्या सेवेवर असलेल्या गाड्या "इतर आपत्कालीन गाडी" म्हणून ठरवाव्यात. सुरुवात १९६२ नंबरवर बोलावल्या जाणाऱ्या फिरत्या पशुवैद्यकीय गाड्यांपासून करा, त्यांच्यावर सरकारी नोंद आहे, ड्रायव्हर आहे, कॉलची वेळ कॉम्प्युटरवर लिहिलेली असते, कुणी गैरवापर करेल अशी भीती नाही. पण त्या योजनेत साधारण एक लाख जनावरांमागे एक गाडी धरलेली आहे, आणि एक गाडी भिवापूरकडे गेली असताना कुहीत गाय अडली तर तिथे आमच्यासारखाच कुणीतरी जातो. म्हणून पुढच्या टप्प्यात व्हेटर्नरी कौन्सिलला रजिस्टर असलेल्या खासगी डॉक्टरांना कॉलपुरतं, नोंदवहीसकट, काढून ठेवता येईल असं काहीतरी द्या. लाल-निळाच पाहिजे असं माझं म्हणणं नाही, वेगळा रंग द्या, लोकांना तो काय आहे हे सांगा, आणि कुणी नुसतं लवकर घरी जायला वापरला तर त्याची परवानगी काढून घ्या. गैरवापर होतो म्हणूनच तो लाल दिवा गेला हे मला मान्य आहे, मी पण तेव्हा टाळ्या वाजवल्या होत्या. अर्जाची पोच घेतली, तारीख टाकून फाईलला लावली. अजून उत्तर नाही. दर महिन्याला डायरीची नवी पानं त्याच फाईलला जोडते.

काकाजींनी दिवाळीनंतर बाजारातून दुसरा बैल आणला, जोडी अजून नीट जुळायची आहे, जुना बैल नव्याला बाजूला येऊ देत नाही म्हणतात. त्यांच्या नातवाला मी फाट्यावर उभं राहायचं काम दिलंय, आठवीत आहे, त्याच्याकडे टॉर्च आहे आणि माझा नंबर पाठ आहे, दोनदा गावातल्या दुसऱ्यांच्या गाईसाठी पण तोच उभा राहिला. या वर्षी पोळ्याच्या आदल्या दिवशी काकाजींचा फोन आला. मी दचकलेच, पहिले विचारलं, किती वाजतापासून? ते म्हणाले, "नाही जी मॅडम, बरे आहेत दोघंही. हे विचाराले फोन लावला, घरची एकेकच पुरणपोळी देऊन राहिलो, बाकी गावातल्या बायांना कुंकू लावा, ओवाळा, खाऊ घालू नका म्हटलं. एक चालन ना?" चालेल म्हटलं काकाजी, एक चालेल.